विल्हेल्म कॉनराड राँटगेन

विल्हेल्म कॉनराड राँटगेन (२७ मार्च १८४५, लेनेप – १० फेब्रुवारी १९२३, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. या शोधाबद्दल १९०१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक देण्यात आले. वैद्यकातील उपयोगामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. परंतु धातूची वस्तू न फोडता तिच्या आतील दोष पाहण्याच्या तंत्राचा आरंभही त्यांच्याच प्रयोगांपासून होतो. राँटगेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे क्ष-किरण निर्माण करण्याची साधने कोणालाही बनविता व सुधारता आली. काचेच्या विमोचन नलिकेपासून आजच्या लेसर-चालित क्ष-किरण स्रोतांपर्यंतचा विकास या मोकळिकीतून सुरू झाला.

बालपण व शिक्षण

राँटगेन यांचा जन्म प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील लेनेप या गावी झाला. हे गाव आता रेमशाइड शहरात समाविष्ट आहे. वडील फ्रीडरिश कॉनराड राँटगेन हे कापडाचे उत्पादक व व्यापारी होते. आई शार्लोट कॉन्स्टान्झ फ्रोवाइन यांचे घराणे ॲमस्टरडॅमचे होते. विल्हेल्म हे त्यांचे एकुलते एक अपत्य. १८४८ मध्ये हे कुटुंब नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे स्थायिक झाले आणि तेथेच विल्हेल्म यांचे प्राथमिक शिक्षण झाले. लहानपणी त्यांनी अभ्यासात विशेष चमक दाखविली नाही. रानावनात भटकणे आणि हाताने यंत्रे व उपकरणे तयार करणे यांची मात्र त्यांना मनापासून आवड होती. पुढील आयुष्यात आपली बहुतेक उपकरणे ते स्वतः बनवीत, त्याचे मूळ या आवडीत आहे.

पुढे ते उत्रेख्त येथील तांत्रिक शाळेत दाखल झाले. तेथे एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चित्र दुसऱ्या विद्यार्थ्याने काढले होते. परंतु राँटगेन यांनी त्याचे नाव सांगण्यास नकार दिला आणि त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. परिणामी विद्यापीठप्रवेशासाठी आवश्यक असलेले शालान्त प्रमाणपत्र त्यांना कधीच मिळाले नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत मात्र प्रवेशपरीक्षेच्या आधारे दाखल होता येत असे. १८६५ मध्ये राँटगेन तेथे गेले आणि यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास करू लागले. रूडोल्फ क्लॉसियस यांची व्याख्याने आणि आउगुस्ट कुंट यांची प्रयोगशाळा यांच्या प्रभावामुळे त्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे वळला. वायूंविषयीच्या प्रबंधाबद्दल १८६९ मध्ये झुरिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

अध्यापन व आरंभीचे संशोधन

१८७० मध्ये कुंट व्युर्झबर्ग विद्यापीठात गेले तेव्हा साहाय्यक म्हणून राँटगेन त्यांच्याबरोबर गेले. शालान्त प्रमाणपत्र नसल्याचे कारण दाखवून या विद्यापीठाने त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. १८७२ मध्ये ते कुंट यांच्यासमवेत स्ट्रासबुर्ग येथे गेले आणि १८७४ मध्ये तेथे त्यांना व्याख्याता म्हणून मान्यता मिळाली. १८७५ मध्ये होहेनहाइमच्या कृषी अकादमीत प्राध्यापक, १८७६ मध्ये पुन्हा स्ट्रासबुर्ग आणि १८७९ मध्ये गीसेन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख प्राध्यापक, असा त्यांचा प्रवास झाला. १८८८ मध्ये व्युर्झबर्ग विद्यापीठानेच त्यांना सन्मानाने बोलावून भौतिकशास्त्राचे अध्यासन दिले. ज्या विद्यापीठाने एकेकाळी त्यांना शिकविण्याची परवानगी नाकारली होती, त्याच विद्यापीठाचे ते १८९४ मध्ये कुलगुरू झाले.

या काळात त्यांनी वायूंची विशिष्ट उष्णता, स्फटिकांची उष्णतावाहकता, द्रवांची संपीड्यता इत्यादी विषयांवर काम केले. विद्युत् क्षेत्रात फिरणाऱ्या निरोधक पदार्थामुळेही चुंबकीय परिणाम घडतो, हे त्यांनी १८८८ मध्ये प्रयोगाने दाखविले. अत्यंत सूक्ष्म मापन आणि स्वतःच्याच निष्कर्षांविषयी कठोर साशंकता ही त्यांच्या संशोधनाची वैशिष्ट्ये मानली जातात.

कौटुंबिक जीवन

झुरिकमधील एका उपाहारगृहाच्या मालकाची कन्या आना बेर्टा लुडविग यांच्याशी १८७२ मध्ये त्यांचा विवाह झाला. बेर्टा त्यांच्यापेक्षा सुमारे सहा वर्षांनी मोठ्या होत्या. या दांपत्याला अपत्य नव्हते. १८८७ मध्ये त्यांनी बेर्टा यांच्या भावाची सहा वर्षांची मुलगी योझेफिन बेर्टा हिला आपल्या घरी आणले व पुढे दत्तक घेतले. राँटगेन स्वभावाने संकोची व मितभाषी होते. गिर्यारोहण व शिकार हे त्यांचे छंद होते आणि सुट्टीचे दिवस ते बहुधा आल्प्स पर्वताच्या परिसरात घालवीत.

क्ष-किरणांचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विरळ वायू भरलेल्या काचेच्या नलिकेतून उच्च दाबाची वीज सोडून होणाऱ्या विमोचनाचा अभ्यास अनेक प्रयोगशाळांत चालू होता. ऋणाग्रापासून निघणाऱ्या किरणांचे स्वरूप काय, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता. फिलिप लेनार्ड यांनी नलिकेला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची खिडकी बसवून हे ऋणाग्र किरण बाहेर हवेत आणले होते; तेथे ते काही सेंटिमीटरच जाऊ शकत. हेच प्रयोग राँटगेन १८९५ मध्ये पुन्हा करून पाहत होते.

८ नोव्हेंबरच्या सायंकाळी त्यांनी नलिका काळ्या पुठ्ठ्याने पूर्णपणे झाकली आणि खोलीत अंधार केला. प्रवर्तन वेटोळ्यातून वीज सोडताच काही अंतरावर ठेवलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद चमकू लागला. नलिकेपासून २ मीटर अंतरावरही ही चमक दिसत होती. ऋणाग्र किरण हवेत इतके दूर जात नाहीत आणि पुठ्ठ्यातून प्रकाश बाहेर येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे हे किरण आजवर अज्ञात असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील सात आठवडे त्यांनी एकट्यानेच प्रयोग केले. सहकाऱ्यांनाही त्यांनी त्याविषयी काही सांगितले नाही.

२२ डिसेंबर रोजी त्यांनी बेर्टा यांच्या हाताचे छायाचित्र घेतले. हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दाखविणारे हे चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. २८ डिसेंबर रोजी त्यांनी आपला पहिला निबंध व्युर्झबर्गच्या भौतिक-वैद्यक संस्थेकडे सुपूर्द केला आणि १८९६ च्या पहिल्या दिवशी त्याच्या प्रती छायाचित्रांसह निरनिराळ्या शास्त्रज्ञांना पाठविल्या. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात बातमी आली आणि काही दिवसांतच ती जगभर पसरली. १३ जानेवारीला राँटगेन यांनी बर्लिन येथे सम्राट दुसरा विल्हेल्म याच्यासमोर प्रयोग करून दाखविले. २३ जानेवारी रोजी व्युर्झबर्ग येथे झालेल्या व्याख्यानात त्यांनी ज्येष्ठ शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्या हाताचे छायाचित्र घेतले. या किरणांना राँटगेन यांचे नाव द्यावे, अशी सूचना क्योलिकर यांनी त्याच सभेत केली.

बीजगणितात अज्ञात राशीसाठी योजले जाणारे अक्षर राँटगेन यांनी या किरणांना दिले होते. मराठी बीजगणितात त्या जागी 'क्ष' हे अक्षर रूढ असल्याने मराठीत क्ष-किरण हे नाव स्थिरावले. जर्मनमध्ये आजही राँटगेन किरण हेच नाव प्रचलित आहे.

धातूंच्या अंतरंगाचे चित्रण

पहिल्या निबंधात राँटगेन यांनी निरनिराळ्या पदार्थांची पारदर्शकता क्रमाने नोंदविली आहे. सुमारे १,००० पानांचा ग्रंथ, पत्त्यांचे दोन जोड, २ ते ३ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी फळ्या यांतून हे किरण सहज पार होतात. १५ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्यांना बराच क्षीण करतो. पण पूर्णपणे अडवीत नाही. शिशाची १.५ मिलिमीटर जाडी मात्र जवळजवळ अपारदर्शक ठरते. पदार्थाची घनता व जाडी यांनुसार किरण कमीअधिक शोषले जातात आणि या फरकातूनच छायाचित्र तयार होते.

त्याच निबंधात हाताच्या हाडांबरोबर काही निर्जीव वस्तूंच्या छायाचित्रांचाही उल्लेख आहे. लाकडी पेटीत बंद असलेला वजनांचा संच, धातूच्या डबीत झाकलेले होकायंत्र आणि लाकडी रिळावर गुंडाळलेली तार या त्या वस्तू होत. यांखेरीज धातूच्या एका तुकड्याचे छायाचित्र विशेष महत्त्वाचे आहे. वरून एकसंध भासणाऱ्या त्या तुकड्याची आतील विषमता क्ष-किरणांनी उघड केली होती. १८९६ मध्ये त्यांनी आपल्या शिकारीच्या बंदुकीचेही असे चित्र घेतले. त्यात आतील काडतुसे आणि नळीच्या धातूतील दोष दिसत होते. ओतीव भागातील पोकळी, सांध्यातील भेग किंवा यंत्रातील झाकलेला दोष शोधण्याची आजची औद्योगिक क्ष-किरण तपासणी याच कल्पनेवर उभी आहे. बॉयलर, पूल वा विमान यांच्या भागातील न दिसलेली भेग मनुष्यहानीस कारण होऊ शकते. म्हणून या तपासणीचे मोल वैद्यकीय तपासणीपेक्षा कमी मानता येत नाही.

किरणांच्या स्रोताचा अभ्यास

क्ष-किरण नेमके कोठून निघतात, या प्रश्नाकडे राँटगेन यांनी सुरुवातीपासूनच लक्ष दिले. चुंबकाच्या साहाय्याने नलिकेतील ऋणाग्र किरण बाजूला वळविले की क्ष-किरणांचे उगमस्थानही त्यांच्याबरोबर सरकते, असे त्यांना आढळले. यावरून ऋणाग्र किरण ज्या ठिकाणी आदळतात तेथेच क्ष-किरण जन्मतात, हे सिद्ध झाले. आजच्या परिभाषेत सांगायचे तर, वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात एकाएकी अडविले गेले म्हणजे त्यांच्या ऊर्जेचा काही अंश क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो.

मार्च १८९६ मधील दुसऱ्या निबंधात त्यांनी सुधारलेल्या नलिकेचे वर्णन केले. तिच्यात ॲल्युमिनियमचा अंतर्गोल आरसा हे ऋणाग्र होते आणि त्याच्या वक्रताकेंद्रापाशी ४५ अंशांत कललेला प्लॅटिनमचा पत्रा हे धनाग्र होते. अशा रचनेमुळे ऋणाग्र किरण एका लहान जागी एकवटतात आणि क्ष-किरणांचा उगम आकाराने लहान राहतो. याचे महत्त्व सावलीच्या साध्या अनुभवावरून कळते. लांब ट्यूबलाइटच्या उजेडात हाताच्या सावलीच्या कडा पुसट होतात, तर लहानशा ज्योतीसमोर त्या रेखीव उमटतात. क्ष-किरण चित्र हीही एक सावलीच असल्याने स्रोत जितका लहान, तितके बारीक दोष त्यात दिसतात. मार्च १८९७ मधील तिसऱ्या निबंधात त्यांनी कमी भेदक व अधिक भेदक किरण देणाऱ्या नलिकांमधील भेद स्पष्ट केला. या तीन निबंधांनंतर क्ष-किरणांवर त्यांनी फारसे लेखन केले नाही.

विद्युत्भारित वस्तूंवरील प्रयोगांसाठी त्यांनी स्वतः आत बसू शकतील एवढी जस्ताच्या पत्र्याची पेटी तयार करविली होती व तिची नलिकेकडील बाजू शिशाने मढविली होती. या पेटीमुळे त्यांचे किरणांपासून आपोआपच रक्षण झाले. त्या काळातील अनेक संशोधकांना व तंत्रज्ञांना मात्र बोटे, हात किंवा प्राणही गमवावे लागले.

पेटंट न घेण्याचा निर्णय

शोधानंतर काही आठवड्यांतच वैद्यक व उद्योग या दोन्ही क्षेत्रांत त्याचे व्यापारी मूल्य स्पष्ट झाले होते. जर्मन विद्युत् उद्योगाकडून राँटगेन यांच्याकडे हक्कांविषयी विचारणाही झाली. विद्यापीठातील संशोधनाचे फळ सर्वांचे असते व त्यावर करार अथवा मक्तेदारी यांचे बंधन नसावे, या भूमिकेतून त्यांनी ती नाकारली. नोबेल पारितोषिकाची रक्कमही त्यांनी व्युर्झबर्ग विद्यापीठाला संशोधनासाठी दिली. पारितोषिक स्वीकारण्यासाठी ते स्टॉकहोम येथे गेले. परंतु प्रथेनुसार द्यावयाचे व्याख्यान त्यांनी दिले नाही. बव्हेरियाच्या राजाकडून मिळालेला पदकसन्मान त्यांनी स्वीकारला. मात्र त्याबरोबर नावाआधी लावता येणारी सरदारकीची उपाधी त्यांनी घेतली नाही.

श्रेयाविषयीचा वाद

राँटगेन यांच्या आधी अनेक प्रयोगशाळांत क्ष-किरण नकळत निर्माण झाले होते. १८९० मध्ये फिलाडेल्फिया येथे आर्थर गुडस्पीड यांच्या छायाचित्रण-काचेवर नाण्यांची अनाकलनीय सावली उमटली होती. राँटगेन यांचा शोध जाहीर झाल्यावरच तिचा अर्थ लागला. गुडस्पीड यांनी श्रेयाचा दावा केला नाही. लेनार्ड यांना मात्र आपल्या कामाची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असे वाटत राहिले. १८९६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक दोघांना मिळून देण्यात आले होते आणि १९०५ मध्ये लेनार्ड यांनाही ऋणाग्र किरणांवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही त्यांची कटुता कमी झाली नाही. लेनार्ड पुढे नाझी राजवटीचे समर्थक झाले व त्या काळात राँटगेन यांचे श्रेय कमी लेखण्याचे प्रयत्न झाले. ऋणाग्र किरणांच्या प्रयोगतंत्रात लेनार्ड यांचे ऋण मोठे आहे. तथापि दिसलेली चमक निराळ्या किरणांची आहे हे ओळखून त्यांचे गुणधर्म पद्धतशीरपणे तपासणारे पहिले संशोधक राँटगेन हेच होत, यावर विज्ञानेतिहासकारांचे सामान्यतः एकमत आहे.

म्युनिकमधील कारकीर्द व अखेरचे दिवस

१९०० मध्ये राँटगेन म्युनिक विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्रमुख म्हणून गेले आणि १९२० पर्यंत तेथे राहिले. रशियन भौतिकशास्त्रज्ञ अब्राम योफे यांनी येथेच त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेनुसार वाल्टर फ्रीडरिश व पाउल क्निपिंग यांनी म्युनिकमध्येच स्फटिकांतून क्ष-किरणांचे विवर्तन घडवून दाखविले आणि या किरणांचे तरंगस्वरूप निश्चित झाले. फ्रीडरिश व क्निपिंग हे दोघेही राँटगेन यांच्या संस्थेत तयार झालेले होते.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, जर्मनीच्या युद्धभूमिकेचे समर्थन करणाऱ्या ९३ जर्मन विद्वानांच्या जाहीरनाम्यावर राँटगेन यांचीही स्वाक्षरी होती. दीर्घ आजारानंतर १९१९ मध्ये बेर्टा यांचे निधन झाले. युद्धानंतरच्या चलनफुगवट्यात राँटगेन यांची बचत मातीमोल झाली. ज्या शोधावर जगभर कारखाने उभे राहिले, त्याच्या जनकाचे अखेरचे दिवस काटकसरीत गेले. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिक येथे त्यांचा मृत्यू झाला. गीसेनच्या जुन्या दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे वैज्ञानिक कागदपत्र व पत्रव्यवहार नष्ट करण्यात आले. त्यामुळे शोधाच्या त्या सायंकाळचा वृत्तांत अभ्यासकांना मुख्यतः तीन निबंध आणि समकालीनांच्या आठवणी यांच्या आधारेच जुळवावा लागतो.

राँटगेन नलिकेपासून लेसर-चालित स्रोतांपर्यंत

राँटगेन यांच्या नलिकेत इलेक्ट्रॉनांचा पुरवठा आतील विरळ वायूवर अवलंबून असे. वापरागणिक वायूचा दाब बदले आणि किरणांची तीव्रता व भेदकता यांचा भरवसा राहत नसे. १९१३ मध्ये अमेरिकेतील विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टन तारेतून इलेक्ट्रॉन पुरविणारी निर्वात नलिका तयार केली. तीत प्रवाह व विद्युत् दाब स्वतंत्रपणे नियंत्रित करता येऊ लागले. त्यानंतर जाड पोलादी ओतीव भागांचे चित्रण नियमितपणे करणे शक्य झाले.

तरीही एक अडचण मुळातच राहिली. नलिकेत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेपैकी सुमारे १ टक्का किंवा त्याहून कमी भाग क्ष-किरणांत रूपांतरित होतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. रेखीव चित्रासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत सूक्ष्म बिंदूवर आणावा तर धनाग्राचा धातू तेथे वितळतो. धातू वाचविण्यासाठी शक्ती कमी करावी तर जाड वस्तूतून पुरेसे किरण पार होत नाहीत. सूक्ष्मता आणि शक्ती यांच्यातील हा पेच राँटगेन यांच्या प्लॅटिनमच्या पत्र्यापासून चालत आला आहे.

लेसर-चालित स्रोत हा या पेचातून काढलेला एक मार्ग आहे. तीव्र लेसर स्पंद प्लाझ्मात सोडल्यास त्यामागे उठणाऱ्या लाटेवर इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देता येईल, ही कल्पना तोशिकी ताजिमा व जॉन डॉसन यांनी १९७९ मध्ये मांडली. पाण्यातून वेगाने जाणाऱ्या नावेमागे लाट उठावी, तशी ही लाट असते. त्यासाठी लागणारे तीव्र स्पंद मिळविण्याची पद्धत जेरार मूरू व डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये दाखविली; २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या दोघांना वाटा मिळाला. २००६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत केवळ ३.३ सेंटिमीटर अंतरात इलेक्ट्रॉनांना सुमारे १ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देण्यात आली. हे इलेक्ट्रॉन लाटेत दोलन पावताना क्ष-किरण सोडतात, किंवा त्यांना धातूच्या पत्र्यावर आदळवून अधिक भेदक क्ष-किरण मिळविता येतात. स्रोताचा आकार काही मायक्रोमीटरांइतका लहान असू शकतो आणि स्पंद अतिशय अल्पकालिक असल्याने फिरत्या किंवा बदलत्या वस्तूचेही स्थिर चित्र घेता येते. ओतीव भाग, त्रिमितीय छपाईने बनविलेले धातूचे भाग व विद्युत् घट यांच्या तपासणीसाठी अशा स्रोतांचा विचार होत आहे. लेसरची किंमत आणि दर सेकंदास मिळणाऱ्या स्पंदांची मर्यादित संख्या यांमुळे कारखान्यातील नित्य वापरापर्यंत हे तंत्र अजून पुरेसे पोहोचलेले नाही.

सन्मान व स्मृती

क्ष-किरणांच्या मात्रेच्या मोजमापासाठी राँटगेन हे एकक दीर्घकाळ वापरात होते. १९९४ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे निर्माण करण्यात आलेल्या १११ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याला २००४ मध्ये राँटगेनियम हे नाव देण्यात आले. लेनेप येथे त्यांच्या कार्याला वाहिलेले संग्रहालय आहे आणि व्युर्झबर्ग येथील ज्या इमारतीत हा शोध लागला तेथेही त्यांचे स्मारक जतन करण्यात आले आहे. ८ नोव्हेंबर हा शोधाचा दिवस जागतिक क्ष-किरण चित्रण दिन म्हणून पाळला जातो.